इंग्रजीतील तीन लहान शब्द

मराठी शाळेतील विद्यार्थी इंग्रजी शिकू लागला म्हणजे मोठमोठे शब्द त्याला फारसा त्रास देत नाहीत. ते तो पाठ करतो. त्याला अडवितात ते तीन अगदी लहान शब्द : 'अ', 'ॲन' आणि 'द'. 'मी कुत्रा पाहिला' याचे भाषांतर तो 'आय सॉ डॉग' असे करतो आणि गुरुजी तांबड्या शाईने मध्ये एक चिन्ह करून 'अ' लिहितात. पुढच्या वेळी तो सावध होतो आणि 'अ मिल्क', 'द पुणे' असे लिहून पुन्हा तांबडी शाई ओढवून घेतो. या तीन शब्दांना व्याकरणात उपपदे म्हणतात. 'अ' व 'ॲन' ही अनिश्चित उपपदे, आणि 'द' हे निश्चित उपपद होय.

मराठीत अशी उपपदे नाहीत, हे या घोटाळ्याचे मूळ आहे. पण त्यामुळे मराठीत काही उणीव आहे असे कोणी समजू नये. संस्कृतात उपपदे नाहीत, लॅटिनमध्ये नव्हती, रशियन भाषेत आजही नाहीत. प्राचीन ग्रीक भाषेत निश्चित उपपद होते, अनिश्चित मात्र नव्हते. अरबीत 'अल' हे निश्चित उपपद नामाला पुढून चिकटते. 'अल्जिब्रा' आणि 'अल्कोहोल' या शब्दांबरोबर ते युरोपात गेले आणि तेथून जगभर पसरले.

उपपद नसले तरी जे काम इंग्रजी उपपद करते ते मराठी निराळ्या वाटेने करून घेते. 'अंगणात गाय आली' आणि 'गाय अंगणात आली' ही दोन वाक्ये पाहावी. शब्द तेच आहेत. परंतु पहिल्या वाक्यात कोणती तरी एक गाय आली आहे, आणि दुसऱ्यात आपली, माहीत असलेली गाय. पहिल्या वाक्याला इंग्रजीत 'अ काउ' लागेल, दुसऱ्याला 'द काउ'. तसेच, 'गवंडी शोध' असे वडील म्हणाले तर कोणताही गवंडी चालेल. 'गवंड्याला शोध' म्हणाले तर घराचे काम करणारा आणि सकाळपासून न दिसलेला तोच गवंडी हवा. एवढ्याशा 'ला' प्रत्ययाने केवढे काम केले! गोष्ट सांगणारी आजीही 'एक राजा होता' असा आरंभ करते आणि पुढच्याच वाक्यात 'त्या राजाला दोन राण्या होत्या' असे म्हणते. इंग्रज आजी पहिल्या ठिकाणी 'अ किंग' म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी 'द किंग'. हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. 'ॲन' हा शब्द मूळचा 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला; आणि 'द' हा 'दॅट' या दर्शक सर्वनामाचा सख्खा भाऊ आहे. ते 'दॅट' आणि आपल्या संस्कृतातील 'तद्' ही एकाच प्राचीन कुळातली होत.

तेव्हा उपपद निवडताना बोलणाऱ्याने स्वतःकडे न पाहता ऐकणाऱ्याकडे पाहावे. कोणती वस्तू, हे ऐकणाऱ्याला कळणार आहे काय? कळणार असेल तर 'द'. नसेल तर 'अ' किंवा 'ॲन'. वस्तूचा उल्लेख आधी झालेला असला म्हणजे ती कळते, हे खरे. पण तेवढ्यानेच कळते असे नाही. सूर्य एकच, म्हणून 'द सन'. खोलीत बसलेल्या माणसाला 'दार लाव' म्हटले की कोणते दार हे त्याला सांगावे लागत नाही, म्हणून 'द डोअर'. 'दुसऱ्यांदा आले की द' एवढेच पाठ करणारा विद्यार्थी अशा ठिकाणी हटकून चुकतो.

आता 'अ' कोठे आणि 'ॲन' कोठे? पुढे स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'अ', हा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही चुका होतात, कारण विद्यार्थी इंग्रजी अक्षर पाहतो. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. इंग्रजी लिपीत अक्षर एक आणि उच्चार दुसरा असा प्रकार पदोपदी आढळतो. येथे मराठी मुलाजवळ एक साधन आहे, जे इंग्रज मुलाजवळ नाही : देवनागरी लिपी. शंका आली की तो शब्द जसा उच्चारला जातो तसा देवनागरीत लिहावा आणि पहिले अक्षर पाहावे. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द इंग्रजीत स्वराच्या अक्षराने सुरू होतो, पण देवनागरीत आरंभी 'य' आला. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'युरोपियन' याचेही तसेच. 'वन रुपी नोट' लिहिताना 'व' आला, म्हणून 'अ वन रुपी नोट'. उलट 'अवर' म्हणजे तास. इंग्रजीत आरंभीचे व्यंजनाक्षर मुके आहे, देवनागरीत ते लिहिलेच जात नाही, 'अ' तेवढा दिसतो. म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. आद्याक्षरांनाही हीच कसोटी लावावी. आपली एस. टी. 'ए'ने सुरू होते, तेव्हा 'ॲन एस. टी. बस' म्हणावे, पण नुसत्या बसला 'अ बस'. 'द'चा उच्चारही याच कसोटीने ठरतो. पुढे स्वर असेल तर 'दि', व्यंजन असेल तर 'द'. लिहिताना मात्र भेद दिसत नाही.

'ॲन' हे रूप जुने आणि 'अ' हे त्याचे झिजलेले रूप, असे इतिहास सांगतो. व्यंजनापूर्वी शेवटचा 'न' गळून गेला. या 'न'ने मोठ्या गमती केल्या आहेत. स्वयंपाक करताना कमरेला बांधण्याचे वस्त्र पूर्वी 'नॅप्रन' होते. लोक 'अ नॅप्रन' म्हणत. ऐकणाऱ्यांनी ते 'ॲन ॲप्रन' असे तोडले, आणि 'ॲप्रन' हाच शब्द रूढ झाला. उलट 'ॲन ईकनेम', म्हणजे जास्तीचे नाव, याचा 'न' पुढे सरकला आणि 'निकनेम' तयार झाला. ज्यांची ती मातृभाषा त्यांनीच या उपपदांपायी असे गोंधळ केले आहेत! 'ऑरेंज' या फळाचीही तीच कथा. मात्र संस्कृत 'नारंग' फारसी व अरबी मार्गाने युरोपात पोचले आणि त्याचा 'न' इंग्रजीत येण्यापूर्वीच गळाला होता.

जे मोजता येत नाही त्याला 'अ' लागत नाही. दूध, तांदूळ यांच्या बाबतीत हे सहज पटते. अडचण येते ती 'ॲडव्हाइस' आणि 'इन्फर्मेशन' या शब्दांपाशी. मराठीत 'एक सल्ला देतो' असे म्हणता येते, इंग्रजीत 'ॲन ॲडव्हाइस' चालत नाही. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' असे म्हणावे लागते. विशेषनामांचे नियम तर निव्वळ रूढीचे आहेत, आणि त्यांत तर्क शोधीत बसू नये. नद्यांना 'द' लागतो : 'द गोदावरी', 'द भीमा'. पर्वतांच्या रांगांना लागतो, पण एकट्या शिखराला लागत नाही. म्हणून 'एव्हरेस्ट' आणि 'कळसूबाई' ही नावे तशीच लिहावी. गावांना लागत नाही. पण हेग हे शहर 'द हेग' म्हणूनच ओळखले जाते.

कधी कधी उपपद नसण्यालाही अर्थ असतो. मुलगा 'टु स्कूल' जातो, कारण तो शिकण्यास जातो; त्याची फी भरण्यास वडील 'टु द स्कूल' जातात. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोडे का होईना, मित्र आहेत. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे जवळजवळ नाहीतच.

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा 'एका माणसाचे लहानसे पाऊल' या अर्थाचे शब्द त्याला उच्चारावयाचे होते. परंतु पृथ्वीवर ऐकू आले त्यात 'मॅन'च्या आधीचा 'अ' नव्हता. 'अ मॅन' म्हणजे एक माणूस. नुसते 'मॅन' म्हणजे मानवजात. मानवजातीचे लहान पाऊल आणि मानवजातीचीच मोठी झेप, असा विसंगत अर्थ त्यामुळे निघू लागला. आपण 'अ' उच्चारला होता असे आर्मस्ट्राँगचे म्हणणे होते, आणि ध्वनिमुद्रण तपासून पुढे बराच वाद झाला.

याहून गंभीर प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघात घडले. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने शेजारील देशांच्या ताब्यातील मोठा प्रदेश व्यापला. त्यानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्य मागे घेण्याचे कलम त्यात होते. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज' या शब्दापूर्वी 'द' नाही. 'द' नाही, त्या अर्थी सर्वच प्रदेश सोडावा असे ठरावात म्हटलेले नाही, असे एका पक्षाने प्रतिपादन केले. फ्रेंच मसुद्यात मात्र निश्चित उपपद पोटात घेतलेला 'दे' हा शब्द आहे. आणि युद्धाने भूमी मिळविणे अमान्य आहे असे ठरावाच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे, म्हणून सर्व प्रदेश सोडलाच पाहिजे, असे दुसऱ्या पक्षाने म्हटले. कायदेपंडितांचा हा वाद अजून मिटलेला नाही.

या कलमाचे मराठी भाषांतर करून पाहावे. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' असे लिहिले तर काही की सर्व, हे वाचकाला कळत नाही. 'त्या' किंवा 'सर्व' हा शब्द घातला तर अर्थ स्पष्ट होतो. पण मग भाषांतरकाराने एका पक्षाच्या बाजूने निकाल दिला असे होते.