थरथर फोनवर ऐकू येत नाही

कप बशीवर वाजत होता. 2020च्या मे महिन्यातली दुपार, सोलापूरच्या अशोक चौकाजवळचं दोन खोल्यांचं घर, आणि दोन्ही हातांनी कप धरूनही प्रस्तुत लेखिकेच्या मोठ्या भावाच्या अंगावर चहा सांडत होता. हा माणूस टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा. तुटलेला धागा चालता चालता जोडणारे हात होते ते. मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळीवर अकरा वर्षं नीट उभा राहिलेला माणूस.

तिने दवाखान्यात फोन लावला. त्या महिन्यातला तिसरा. आधी कंपाउंडरला गूगल पेवर फी, मग डॉक्टरांचा कॉल, नुसता आवाजाचा. हात थरथरतात, असं तिने सांगितलं. "सध्या सगळ्यांनाच टेन्शन आहे, ताई. बातम्या कमी बघू द्या. गोळ्या त्याच चालू ठेवा." कॉल दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. तेव्हा काढून ठेवलेला त्या नोंदीचा स्क्रीनशॉट तिच्याकडे अजून आहे.

डॉक्टरांनी फोनवर तपासू नये, असं तिचं म्हणणं मुळीच नाही. दुसरा मार्गच नव्हता. सिव्हिलमध्ये कोविडची धावपळ, आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय अडीचशे किलोमीटरवर. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2020मध्ये 130 देशांची पाहणी जाहीर केली. त्यांतल्या 93 टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत किंवा बंद झाल्या होत्या. भारतात टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्चला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. जुन्या रुग्णाशी नुसत्या आवाजावर बोलायला त्यांत मनाई नाही. पण फोनवर भागत नसेल तर रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवावं, नोंद ठेवावी, फीची पावती द्यावी, हेही त्यांतच लिहिलंय. सवलत तेवढी घेतली गेली, जबाबदारी राहिली.

चौथ्या दिवशी भाऊ मोरीकडे जाताना भिंतीला धरून चालू लागला. जीभ जड झाली. शेजाऱ्याच्या गाडीवर दोघांच्या मध्ये त्याला बसवून, नाकाबंदीत गोळ्यांची पाकिटं दाखवत, तिने एक रुग्णालय गाठलं. तिथल्या अगदी तरुण डॉक्टर मुलीने भावाला हात पुढे धरायला लावले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "लिथियमची रक्तपातळी शेवटची कधी तपासली?"

लेखिकेकडे उत्तर नव्हतं. तीन कॉलमध्ये तो प्रश्न एकदाही आला नव्हता.

पातळी 2.1 निघाली. एरवी ती साधारण 0.6 ते 1.2च्या दरम्यान ठेवतात. दीडच्या वर विषबाधेची भीती. कारण साधं होतं. चाळिशी ओलांडलेला पारा, पत्र्याचं घर, घामाने गेलेलं पाणी आणि मीठ. शरीरात ते कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. त्यात अंगदुखी-तापासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळीत आयबुप्रोफेन. तीही लिथियम वाढवते.

भाऊ आठ दिवसांनी घरी आला. तिने जुन्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "दुसरी गोळी चालू आहे हे तुम्ही सांगायला हवं होतं." तिने सांगितलं होतं. 9 मेच्या संदेशात पाकिटाचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, "दादाला ताप आहे, ही देते आहे." दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. सलाइन लावलेल्या भावापेक्षाही डॉक्टरांचं ते वाक्य तिला जास्त लागलं, आजही लागतं.

म्हणून ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना तिचं सांगणं. लिथियम चालू असेल तर पातळीची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्या. सकाळची गोळी रक्त दिल्यावर. जुलाब, उलट्या, कडक उन्हाळा, निर्जळी उपास, यांतलं काहीही आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नको. थरथर वाढली, तोल गेला, बोलणं जड झालं, तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठा. क्लोझापिन ही मनोविकारावरची दुसरी गोळी घेणाऱ्यांना रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी लागते. आणि ती गोळी दोन दिवसांहून जास्त चुकली तर जुन्या डोसवर परस्पर येऊ नका, ती पुन्हा थोडीपासून चढवावी लागते. मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

कॉल व्हिडिओवरच मागा. पावती मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017च्या कलम 25नुसार रुग्णाला आपली वैद्यकीय नोंद मिळण्याचा हक्क आहे. तो तिला फार उशिरा कळला. कलम 14नुसार साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून रुग्ण आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो बरा असतानाच हा कागद करून घ्या. बाकी धीर धरा, घरात बोलत राहा.

10 ऑक्टोबर 2022पासून टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत. भाषा निवडता येते. ज्या गावात आई तेलुगूत रडते आणि शेजारीण कन्नडमध्ये समजूत काढते तिथे याचं मोल मोठं. 2020च्या मे महिन्यात तो नव्हता. मात्र रक्त तिथेही तपासून मिळत नाही.

आणि सोलापूरच्या मनोविकारतज्ज्ञांना एक विनंती. पुन्हा कधी दवाखान्यांची दारं लावायची वेळ आली, तर लिथियमच्या प्रत्येक रुग्णाला कॅमेऱ्यासमोर बसवा आणि दोन्ही हात पुढे धरायला सांगा.