डागाला धनी हवा

बाळा, तू मिग-२१ चं किट आणलंस हे तुझ्या आईकडून कळलं. निवड चांगली आहे. १९६३ मध्ये हे विमान चंडीगडला आपल्या हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला तिथूनच निवृत्त झालं. मधल्या काळात त्याची एफएल, एम आणि बिस ही तिन्ही रूपं आपल्या नाशिकजवळ ओझरला तयार होत होती. म्हणजे विमान घरचंच आहे, घाई नको. हे सगळं डबा उघडायच्या आधी वाच. उघडला असशीलच, तरी वाच.

१. आधी एक विमान आणि एक साल ठरव, आणि त्याचे फोटो टेबलासमोर लाव — सगळी मिग-२१ सारखी नसतात. एफएलवर पिटोची, म्हणजे हवेचा वेग मोजणारी, लांब नळी नाकाच्या वर मधोमध असते, एम आणि बिसवर ती उजवीकडे सरकलेली. एफएलची काच पुढे कलून उघडते, नंतरच्यांची उजवीकडे कलते, आणि बिसची पाठ या तिघांत सगळ्यांत फुगीर.

२. सुट्या भागांच्या चौकटी कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळव — साच्यातला तेलकटपणा राहिला तर मास्किंग टेप काढताना रंगही टेपबरोबर निघून येतो. पाणी उकळतं नको, पंख वाकतील.

३. पंखा बंद कर, मांडीवर जुनी चादर घे आणि बारीक भाग पारदर्शक पिशवीत हात घालून काप — निपरमधून उडालेला भाग फरशीवर शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि तो बहुधा सापडतो केरात.

४. पातं बोथट झालं की लगेच बदल — बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर सुटला की ते बोटाकडे येतं.

५. दोन्ही बाजू चिकटवण्यापूर्वी नाकात वजन भर आणि चाकांच्या जागी बोटं धरून विमान पुढे झुकतं का ते बघ — नंतर शेपटीवर बसलेलं विमान उघडता येत नाही. मिगचं हवा घेणारं तोंडच नाकात, त्यामुळे जागा थोडीच: शंकूच्या पोटात आणि कॉकपिटच्या खाली-पुढे. गळाचं शिसं वापरलंस तर ते एपॉक्सीने बसव, पांढऱ्या गोंदाने नको — त्या गोंदात शिसं पुढच्या काही वर्षांत फुगतं आणि सांधे उकलतात. शिसं हाताळल्यावर हात धुऊनच चहा घे.

६. पातळ सिमेंट सांध्याच्या बाहेरून फक्त टेकव — ते आपणहून फटीत ओढलं जातं. बोट मात्र त्या फटीवर ठेवू नकोस, नाहीतर विमानावर तुझा अंगठा कायमचा उमटेल.

७. सांधा एक दिवस तसाच राहू दे, मग वॉटर पेपरने घास. ओला सांधा घासला, वाळल्यावर हसला — सिमेंटने मऊ झालेलं प्लास्टिक वाळताना आत बसतं आणि घळ दिसते. मिगच्या पाठीवर आणि पोटाखाली सांधा लांबच लांब आहे, तिथे प्रायमर मारून पुन्हा तपास.

८. कॉकपिटची काच सुपरग्लूने कधीच नको — त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि आत हात जात नाही. पांढरा गोंद शिशाला वाईट, पण इथे तोच बरा.

९. पिटोची नळी, चाकांची दारं, अँटेना, हे सगळं शेवटी लाव — लवकर लावलेली नळी तीनदा मोडते, हे मी पैजेवर सांगतो.

आता रंग. इथे तुझी धांदल होणार, म्हणून जरा जपून.

१०. एअरब्रशमधला रंग दुधासारखा पातळ हवा, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात दे — जाड थराखाली तू इतक्या निगुतीने जपलेल्या पॅनलच्या रेषा बुजतात.

११. भर पावसात लॅकर फवारू नकोस, उघडीप बघ — थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट ढग येतो. कोकणात आणि मुंबईत जुलै महिना हा सांधे घासायचा महिना समज.

१२. खिडकी उघडी ठेव आणि गाळणीचा, सेंद्रिय वाफ अडवणारा मास्क लाव — कापडी मास्कमधून थिनरची वाफ सरळ आत जाते. यात काटकसर केलीस तर मी रागावेन, खरंच.

१३. चकचकीत धातूचं एफएल करणार असशील तर रंगाआधी दुप्पट वेळ घासण्यात घाल आणि खाली काळा, चकचकीत प्रायमर दे — धातूचा रंग एकही ओरखडा झाकत नाही, उलट दाखवून देतो.

१४. डिकॅलच्या आधी चकचकीत वार्निश, मॅट नंतर — खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि तिरंगी वर्तुळाभोवती चंदेरी कड दिसते. मऊ करणारं द्रावण लावल्यावर डिकॅल सुरकुतेल. हात मागे घे, ते आपोआप बसतं.

आणि आता मळवणं. यासाठीच तर तुला हे लिहायला बसलो. नवं विमान बांधणं हातांचं काम आहे, जुनं करणं डोक्याचं. ब्रश उचलण्याआधी प्रत्येक डागाला विचार: तू कुणामुळे पडलास? मेकॅनिकच्या बुटामुळे, गळणाऱ्या हायड्रॉलिक तेलामुळे, वाऱ्यामुळे की उन्हामुळे? उत्तर मिळालं तर लाव, नाही मिळालं तर ती जागा स्वच्छ सोड. डागाला धनी हवा, बिनधन्याचा डाग म्हणजे नुसती घाण.

१५. इनॅमलच्या किंवा ऑइल कलरच्या वॉशखाली, म्हणजे रेषांत उतरवायच्या पातळ रंगाखाली, अ‍ॅक्रिलिक वार्निशचा पुरता वाळलेला थर हवाच — नाहीतर पुसताना थिनर खालच्या रंगालाही सोबत नेतो. वॉश शुद्ध काळा नको, गडद तपकिरी-करडा कर. काळ्या रेषांनी विमान चित्रकथेतलं वाटतं.

१६. वॉश इअरबडने पुढून मागे पूस, आडवा नाही — जो थोडा राहतो त्याचा ओघळ आपोआप वाऱ्याच्या दिशेने पडतो. मात्र जमिनीवर उभ्या विमानातून गळलेलं तेल सरळ खाली येतं. चाकांच्या कप्प्याजवळ दोन्ही दिशा मिसळतात, आणि तिथला मळ रंगवताना मला सगळ्यांत आनंद होतो.

१७. सोललेला रंग दाखवताना आधी पट्टीने माप. १:७२ वर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून मोठा — एवढा रंग उडालेलं विमान उडवायला कोण देईल? टवके ठेव ते वारंवार उघडणाऱ्या झाकणांच्या कडांना, स्क्रूंभोवती आणि पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं पाय देतात.

१८. टवक्याखाली काय दिसेल ते सालावरून ठरव. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास उघड्या धातूच्या एफएलवर कॅमोफ्लाज चढवला गेला. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनीही रॉकेटं डागली. त्या काळचं विमान करशील तर रंग उडाला तिथे चंदेरी धातू दाखव — शेवटच्या काळातल्या करड्या बायसनवर, म्हणजे सुधारलेल्या बिसवर, तोच हिशेब डोळे मिटून लावू नकोस, फोटो बघ.

१९. शेपटीकडचं इंजिनाचं तोंड नुसतं काळं करू नकोस — तापलेला धातू गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट-निळा होतो. हे रंग अगदी पातळ, एकावर एक चढव आणि काजळी आतल्या बाजूलाच ठेव.

२०. टायर गडद करडे रंगव आणि जमिनीला टेकतात तिथे थोडी धूळ दे — इतक्या लहान आकारात शुद्ध काळा रंग खेळण्यातला वाटतो.

२१. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात मिग-२१ उभं आहे, गेलीस तर तासभर त्याच्याभोवती फिर. पण ते आकारासाठी बघ, मळासाठी नको — उघड्यावर उभ्या विमानावरचा मळ ऊनपावसाचा असतो, उड्डाणाचा नसतो.

२२. थोडं कमी वाटतंय असं झालं की ब्रश ठेव आणि सकाळच्या उजेडात पुन्हा बघ — दिव्याखाली मळ फिका दिसतो. वाढवणं उद्याही जमेल, काढणं जमणार नाही.

२३. झालेलं विमान पारदर्शक पेटीत, उन्हापासून लांब ठेव — उन्हाने डिकॅल फिके पडतात आणि फडक्याने धूळ पुसली की पहिली पिटोची नळी जाते.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. ओझरच्या कारखान्यात आणि हवाई दलात मिगवर हात काळे केलेली निवृत्त माणसं नाशकात आहेत. कुणाची ओळख निघाली तर अर्धवट झालेलं विमान पेटीत घालून त्यांच्याकडे जा आणि विचार, की काका, तेल नेमकं कुठून गळायचं? ते सांगतील ते लिहून घे, आणि मग पोटाखालचा वॉश लाव.