थंडीची रात्र आणि आउटबोर्ड इंजिनातले पाणी

कोकणच्या खाडीत होडी चालविणाऱ्या आमच्या बांधवांना खाऱ्या पाण्याने इंजीन गंजते हे सांगावे लागत नाही. रेतीने पाण्याचा पंप कसा खाल्ला जातो हेही त्यांना ठाऊक आहे. मात्र इंजीन गोठून फुटते ही गोष्ट हर्णे, मुरुड किंवा रत्नागिरीच्या मिस्त्रीने पाहिलेली नसते, कारण तिथे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. हातात हुन्नर असलेला माणूस एकाच बंदरावर बसून राहत नाही, रोजी त्याला लांब नेते. शिवाय जुने इंजीन विकत घेताना ते आधी कोणत्या मुलखात चालले होते, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही.

आपल्याच देशात या प्रश्नाचे घर म्हणजे काश्मीर. श्रीनगरचे दल सरोवर गोड्या पाण्याचे आहे. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा जो कडक थंडीचा काळ येतो त्याला तिथले लोक चिल्लई कलान म्हणतात. त्या दिवसांत श्रीनगरचे रात्रीचे तापमान बरेचदा शून्याखाली चार-पाच अंशांवर जाते. जानेवारी 2021 मध्ये ते उणे 8 च्याही खाली उतरले होते आणि सरोवरावर बर्फाचा थर जमला होता. दिवसा ऊन, रात्री गोठण, असा हा फेरा असतो. ज्याने संध्याकाळी होडी बांधताना पाच मिनिटे वाचविली, त्याचे सकाळी हजारोंचे नुकसान होऊ शकते.

कारण साधे आहे. पाण्याचा बर्फ होतो तेव्हा ते सुमारे 9 टक्के फुगते. बंद जागेत फुगायला वाव मिळाला नाही तर ॲल्युमिनियमचे ओतीव कवच तडकते. आउटबोर्ड इंजीन ज्या पाण्यात चालते तेच पाणी खेचून थंड राहते, म्हणजे दिवसभर त्याच्या पोटात पाणी खेळत असते. सुदैवाने हे इंजीन उभे असताना पाणी आपोआप खाली गळून जाईल अशीच त्याची रचना आहे. नुकसान होते ते बहुधा ते आडवे किंवा वर उचललेले ठेवल्याने.

आपल्याकडे ओहोटीला पंखा चिखलात रुतू नये म्हणून इंजीन वर उचलून ठेवण्याची सवय आहे. खाडीत ही सवय चांगली, थंड मुलखात घातक. उचललेल्या अवस्थेत पंपात आणि खालच्या पायात थोडे पाणी अडकून राहते. पंख्याच्या मधल्या पोकळीतून धूर बाहेर पडतो, ती पोकळी वर तोंड करून राहिली की तिच्यात पाऊस आणि बर्फ साचतो. रात्री तो गोठला की गिअर केसला तडा जाण्याची भीती.

होडी किनाऱ्यावर ओढलेली असेल तर इंजीन पूर्ण खाली, सरळ उभे करावे. पाणी गळणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग किल स्विचची दोरी काढून, म्हणजे इंजीन सुरू होणार नाही अशा बेताने, स्टार्टरची दोरी चार-पाच वेळा ओढावी. पंपात राहिलेले पाणी त्याने बाहेर पडते. कोरडे इंजीन चालवून पाणी उडविण्याचा उद्योग करू नये. पाण्याविना पंपाचा रबरी इंपेलर काही क्षणांत जळतो.

होडी पाण्यातच राहणार असेल तर उलटा नियम. इंजीन खाली सोडून गिअर केस पाण्यात बुडालेली ठेवावी. हे ऐकून नवखा मिस्त्री चमकतो, पण विचार करावा. पाणी 4 अंशांवर सर्वांत जड असते, म्हणून अधिक थंड पाणी वर राहते आणि बर्फ वरून धरतो. खालचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. पृष्ठभागावरच बर्फ धरण्याची शक्यता असेल तेव्हा मात्र हा उपाय पुरत नाही. पायाच्या आत पाण्याच्या पातळीवरही बर्फ जमतो आणि सकाळी इंजिनाला पाणी मिळत नाही. अशा रात्री इंजीन होडीवरून काढून, पाणी निथळून, छपराखाली उभे करावे. लहान इंजिनाला दोन क्लॅम्प असतात, दोन माणसांचे काम आहे. नेताना डोके नेहमी पंख्यापेक्षा उंच ठेवावे, नाहीतर उरलेले पाणी सिलिंडरकडे जाते. फोर स्ट्रोक इंजीन आडवे ठेवायचेच झाले तर कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच ठेवावे.

सकाळी घाई नको. फ्लायव्हील किंवा पंखा हाताने फिरत नसेल तर जोर लावू नये. आत बर्फात धरलेल्या इंपेलरची पाती तुटतात, तुकडे नळ्यांत अडकतात आणि पुढे इंजीन तापते. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावा. उकळते पाणी ओतू नये आणि पेट्रोलजवळ कांगडी तर मुळीच आणू नये. सुरू झाल्यावर मागची पाण्याची पिचकारी लगेच दिसली पाहिजे. दिसली नाही तर बंद करावे.

बॅटरीकडेही लक्ष हवे. भरलेली बॅटरी उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही. उतरलेली, जिचे हायड्रोमीटरवर 1.100 दिसते, ती उणे सात-आठलाच गोठते आणि डबा फुटतो. पेट्रोलमध्ये उतरलेले पाणी फिल्टरमध्ये गोठून इंधन अडवते, म्हणून टाकी भरलेली ठेवावी आणि फिल्टर तपासावा. रॉकेलवर चालणारे इंजीन असेल तर बंद करण्यापूर्वी थोडा वेळ पेट्रोलवर चालवावे. कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहिले की थंड सकाळी दोरी ओढून खांदा दुखेल, इंजीन धरणार नाही.

आता सर्वांत खर्चिक गोष्ट. गिअर केसमधल्या तेलात सील झिजल्यामुळे पाणी शिरते. गरम मुलखात ते महिनोन्‌महिने लपून राहते, तेल नुसते दुधासारखे दिसते. गोठणीत मात्र तेच पाणी केस फोडते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा खालचा स्क्रू जरासा सैल केला की आधी पाणीच येते. थंडीपूर्वी ही तपासणी करावीच. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे, वरच्या छिद्रातून बुडबुडे न येता तेल आले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. वॉशर दरवेळी नवे.

हीच तपासणी जुने इंजीन घेतानाही करावी, आणि विकणाऱ्यानेही ती आपण होऊन दाखवावी. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. तड्यावर पुटीन चोपडून, रंग मारून, नवे तेल भरून इंजीन खपविणारा याहून वेगळे काय करतो? घेणारा त्या होडीवर चार माणसे घेऊन खोल पाण्यात जाणार असतो.

तडा गेलेली केस वेल्ड करून वापरता येते, पण वेल्डिंग ॲल्युमिनियमचे काम येणाऱ्याकडूनच करावे. नंतर सर्व सील बसवून, तेल न भरता, सायकलच्या हातपंपाने थोडी हवा भरून केस पाण्याच्या टबात बुडवावी. शाफ्ट हळूहळू फिरवीत पाहावे. बुडबुडे कुठून येतात ते खडूने खुणावून ठेवावे आणि ते बंद झाल्यावरच तेल भरावे. ग्राहकाला बिल देताना केस वेल्ड केलेली आहे हे त्यावर लिहून द्यावे.