आपल्या मातीत चुनखडी किती?

गाणगापूरला भीमा-अमरजा संगमाजवळच्या काळ्या रानात पिकाचे कोवळे शेंडे पिवळे पडले व शिरा हिरव्याच राहिल्या, तर लगेच युरिया टाकू नका. बहुधा उणीव नत्राची नसून लोहाची असते. मातीतील चुनखडी लोह अडवून धरते.

वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा. बुडबुडे उठले तर चुनखडी आहे असे समजा. किती, ते माती परीक्षण केंद्रात कळते. तेथे मातीत मोजून आम्ल घालतात. काही आम्ल चुनखडीशी झुंजण्यात खर्ची पडते. उरलेले मोजण्यासाठी फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकून वरून अल्कली थेंबथेंब सोडतात. फिका गुलाबी रंग टिकला की थांबतात. आपली मुले शाळेत शिकतात ते अनुमापन हेच!

चुनखडी जास्त निघाल्यास रानात चुना टाकू नये. शेणखत द्यावे आणि दर लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी फवारावे.

एक सूचना : आम्ल अंगावर उडाल्यास त्यावर चुना किंवा सोडा लावू नये, त्याने उष्णता वाढून इजा वाढते. वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटे धुवावे व दवाखाना गाठावा.