उत्तम फॉरवर्डाची जागा

मैदानावर सायंकाळीं जे वाद ऐकूं येतात त्यांपैकीं एक वाद कितीही वर्षें चालला तरी संपत नाहीं. वर्गाच्या फुटबॉल-संघांत एखादा मुलगा इतरांहून फारच सरस निघतो. चेंडू त्याच्या पायाशीं खिळल्यासारखा राहतो, आणि गोल करावा तर त्यानेंच, अशी सर्वांची खात्री असते. मग त्याला मध्यभागीं सेंटर फॉरवर्ड म्हणून उभा करावा, कीं कडेला विंगवर, कीं इतर फॉरवर्डांच्या थोडा मागें? निम्मे एक म्हणतात, निम्मे दुसरें म्हणतात, आणि कप्तान बिचारा शेवटीं ज्याचा आवाज मोठा त्याचें मान्य करितो. वस्तुतः हा प्रश्न अभ्यासाचा आहे, आणि त्याच्या अभ्यासास एक उत्तम उदाहरण आपणांपुढें आहे. आर्जेंटिना देशांतील रोझारिओ शहरीं २४ जून १९८७ रोजीं जन्मलेला लिओनेल मेस्सी याला निरनिराळ्या शिक्षकांनीं या तिन्ही जागीं खेळवून पाहिलें, आणि प्रत्येक वेळीं परिणाम काय झाला हें सर्वांस ठाऊक आहे.

प्रथम थोडी भूमिति पाहूं. गोलच्या दोन खांबांमधील अंतर ८ यार्ड असतें. गोलच्या बरोबर समोर १८ यार्डांवर उभे राहिलें असतां डोळ्याशीं हे खांब सुमारें २५ अंशांचा कोन करितात. गोलरेषेपासून तितकेंच दूर राहून तेथून २० यार्ड बाजूस सरकलें, तर तोच कोन साडेअकरा अंशांवर येतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. (वरच्या वर्गांतील मुलांनीं हें त्रिकोणमितीनें ताडून पाहावें, खालच्या वर्गांतील मुलांस दोन दोऱ्या ताणूनही समजेल.) एवढ्यावरच निकाल द्यावयाचा असता, तर उत्तम फॉरवर्डास मध्यभागींच उभा करावा हें उघड होतें. परंतु भूमितीच्या आकृतींत बॅक नसतात! मध्यभागीं गोल मोठा दिसतो खरा, पण तेथेंच प्रतिपक्षाचे दोन धिप्पाड बॅक पाठीशीं उभे असतात. कडेला गोल अरुंद दिसतो, पण तेथें बहुधा एकाशींच गांठ असते आणि पळावयास मोकळी जमीन मिळते.

म्हणून मेस्सीचे बार्सिलोना संघांतील पहिले मोठे शिक्षक फ्रांक रायकार्ड यांनीं त्याला उजव्या कडेला खेळविलें. मेस्सी डावखुरा आहे. डावखुऱ्या खेळाडूस उजवीकडे ठेविलें म्हणजे तो आंत वळतांच त्याचा जोराचा पाय गोलसमोर येतो. १८ एप्रिल २००७ रोजीं गेटाफे संघाविरुद्ध त्यानें मैदानाच्या मध्यरेषेजवळ उजव्या बाजूस चेंडू घेतला, वाटेंतील एकामागून एक खेळाडूंस चुकविलें, शेवटीं गोलकीपरलाही बगल दिली आणि गोल केला. कडेची बाजू मांडणाऱ्यांनीं याहून चांगला साक्षीदार शोधूं नये. तथापि या जागेंत एक उणीव राहते. कडेच्या खेळाडूस चेंडू दुसऱ्यानें आणून द्यावा लागतो; आणि एक बॅक व एक हाफ मिळून त्याला रेषेकडे दाबीत नेऊं लागले, म्हणजे ती रेषाच त्यांना तिसऱ्या भिडूसारखी उपयोगीं पडते.

आतां तिसऱ्या जागेविषयीं. ती समजण्यास मध्यभागीं बॅक मुळांत कोठून आला हें पाहिलें पाहिजे. इ. स. १९२५ पर्यंत ऑफसाइडच्या नियमाप्रमाणें फॉरवर्डाच्या पुढें, त्याच्या व गोलरेषेच्या दरम्यान, प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षीं ही संख्या दोनवर आली. फॉरवर्डांस मोकळें रान मिळालें, आणि गोलांचा पाऊस पडूं लागला. तेव्हां हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघानें व त्याच्या मागून इतरांनीं मध्यला हाफ मागें ओढून दोन बॅकांच्या मधोमध उभा केला. त्याचें काम एकच: समोरच्या नऊ नंबरच्या फॉरवर्डास क्षणभरही न सोडणें. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली कीं, नऊ नंबर त्या जागीं आलाच नाहीं तर काय करावें, हा प्रश्न कोणाच्या मनांत येईना.

तो प्रश्न २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं लंडनमधील वेंब्ले मैदानावर हंगेरीच्या संघानें विचारला. त्यांचा नऊ नंबरचा खेळाडू नांडोर हिडेगकुटी पुढें उभा न राहतां मागें हाफांच्या ओळीजवळ राही. इंग्लंडच्या मध्यल्या बॅकनें त्याच्या मागोमाग जावें, तर मागें पडलेल्या खिंडारांतून पुस्काश व कोचिश आंत शिरत. जागेवर राहावें, तर हिडेगकुटी मोकळा सुटे. हंगेरीनें सहा गोल केले, इंग्लंडनें तीन. त्या सहांपैकीं तीन एकट्या हिडेगकुटीचे होते. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा संघ स्वतःच्या मैदानावर हरण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढच्या मे महिन्यांत बुडापेस्ट येथें इंग्लंडला पुन्हां तोच धडा मिळाला, आणि तो अधिक कडू होता. गोल सातास एक झाले.

हीच युक्ति ५६ वर्षांनंतर पेप ग्वार्दिओला यांनीं मेस्सीसाठीं उपयोगांत आणिली. २ मे २००९ रोजीं माद्रिद येथें रिआल माद्रिदविरुद्धच्या सामन्यांत त्यांनीं मेस्सीला मध्यभागीं, पण मागें, ठेविलें. आणि नेहमींचा सेंटर फॉरवर्ड सॅम्युएल एतो याला उजव्या कडेला पाठविलें. रिआलचे मध्यले बॅक कानावारो व मेत्सेल्डर यांपुढें इंग्लंडच्या बॅकपुढचाच पेंच उभा राहिला. पहिला गोल रिआलनें केला हें खरें, परंतु शेवटीं बार्सिलोनाचे सहा व रिआलचे दोन अशी बेरीज झाली. त्यांत मेस्सीचे दोन होते, आणि डाव्या बाजूनें मोकळ्या जागेंत घुसणाऱ्या तिएरी ऑन्रीचे दोन. त्याच महिन्याच्या २७ तारखेस रोम येथें युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडशीं झाला. त्यांत पहिला गोल उजव्या बाजूनें आंत शिरून एतोनें केला आणि दुसरा मेस्सीनें, तोही डोक्यानें!

येथें बहुतेक मुलें म्हणतील, झालें, निकाल लागला. मेस्सीची जागा मध्यभागीं पण मागें. आमच्या मतें मात्र खरा वाद येथून पुढें सुरू होतो, कारण आतांपर्यंत आपण एकाच खेळाडूकडे पाहत होतों. एतोचें काय झालें? त्या हंगामांत स्पेनच्या लीगमध्यें ३० गोल करणारा हा खेळाडू त्याच उन्हाळ्यांत संघ सोडून इटलींतील इंटर संघांत गेला. त्याच्या बदलीं आलेला उंचापुरा झ्लाटान इब्राहिमोविच मध्यभागींच उभा राहणारा. त्याच्या व मेस्सीच्या जागा एकमेकांवर येऊं लागल्या, आणि एका वर्षांत तोही गेला. मग डेव्हिड विया आला. तो व्हॅलेन्सिया संघांत मध्यभागीं खेळून नांवारूपास आलेला, तरी येथें डावी कड संभाळूं लागला. २९ नोव्हेंबर २०१० रोजीं बार्सिलोनानें रिआलवर पांच गोल चढविले. त्या सामन्यांत मेस्सीचा एकही गोल नाहीं, पण वियाचे दोन्ही गोल मेस्सीच्या पासावर झाले. नामांकित फॉरवर्डाच्या जागेचें मोल त्याच्या गोलांवरूनच मोजणाऱ्यांनीं हा सामना नीट अभ्यासावा.

पुढचा हिशेब तर अधिक विचार करावयास लावणारा आहे. २०११-१२ च्या हंगामांत मध्यभागीं खेळून मेस्सीनें बार्सिलोनासाठीं सर्व स्पर्धा मिळून ७३ गोल केले. त्यांपैकीं ५० एकट्या लीगमधले. इतके गोल एका हंगामांत पाहण्याचें भाग्य लोकांस क्वचितच लाभतें. आणि तरीही लीगचें अजिंक्यपद रिआल माद्रिदनें नेलें, व युरोपच्या स्पर्धेंत चेल्सीनें उपान्त्य फेरींतच बार्सिलोनास घरीं पाठविलें. याचें कारण एकच नव्हे. वियाचा पाय डिसेंबरांत मोडला होता, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. परंतु सर्व वाटा एकाच माणसाकडे जाऊं लागल्या म्हणजे प्रतिपक्षाला एकच वाट अडविली तरी पुरतें, हें तितकेंच खरें.

२०१४ सालीं लुइस सुआरेझ आला. तो जातिवंत सेंटर फॉरवर्ड. प्रथम त्याला उजवीकडे खेळवून पाहिलें. नंतर दोघांनीं जागा बदलल्या. मेस्सी पुन्हां लहानपणच्या उजव्या कडेला गेला, तेथून आंत येऊन पास देऊं लागला, सुआरेझ बॅकांना मागें रेटूं लागला, आणि डावीकडे नेमार होताच. २०१४-१५ मध्यें मेस्सीचे गोल ५८ झाले, म्हणजे पूर्वीच्या त्या हंगामापेक्षां पंधरा कमी. तिघांचे मिळून मात्र १२२ झाले, आणि लीग, स्पेनच्या राजाचा चषक व युरोपचें अजिंक्यपद हीं तिन्ही बार्सिलोनास मिळालीं. ज्या जागेनें त्याचे गोल वाढले त्या जागेनें त्या वर्षीं लीगही मिळाली नाहीं. ज्या जागेनें त्याचे गोल कमी झाले तिनें तिन्ही मिळवून दिलीं. कप्तानानें कोणतें निवडावें?

मागची जागा सर्वांस मानवतेच असेंही नाहीं. २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील जागतिक स्पर्धेंत मॅराडोना यांनीं मेस्सीला इग्वाइन व तेवेझ या दोघांच्या मागें खेळविलें. बार्सिलोनांत त्याला चेंडू आणून देण्यास शावी व इनिएस्ता होते; येथें मधली फळी विरळ होती, त्यामुळें चेंडू आणावयास त्यालाच मागें जावें लागे. पांच सामन्यांत त्याचा एकही गोल झाला नाहीं, आणि जर्मनीनें आर्जेंटिनाला चार गोलांनीं घरीं धाडलें. मेस्सी तोच होता, जागाही जवळजवळ तीच होती. सोबती मात्र निराळे होते.

शेवटचा दाखला २०२२ सालचा, कतार देशांतला. मेस्सी आतां ३५ वर्षांचा झालेला. पूर्वींसारखें सबंध मैदान पळणें त्याला शक्य नव्हतें, आणि तो बराच वेळ चालत असे. पहिलाच सामना सौदी अरबस्थाननें जिंकला. पोलंडविरुद्धच्या सामन्यापासून शिक्षक स्कालोनी यांनीं युलिआन आल्वारेझ या २२ वर्षांच्या मुलाला आरंभापासून पुढें उभा केला. त्यानें बॅकांच्या अंगावर धांवत राहावें, आणि मेस्सीनें मागें उजवीकडे मोकळें राहावें, असा बेत होता. १८ डिसेंबर रोजीं फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं आन्हेल दि मारिया याला, नेहमींची उजवी बाजू सोडून, डावीकडे ठेविलें. आर्जेंटिनाचा दुसरा गोल असा झाला: मध्यरेषेच्या आसपास मेस्सीनें एका हलक्या स्पर्शानें चेंडू पुढें दिला, तो आल्वारेझनें मॅक अॅलिस्टरकडे सोडला, मॅक अॅलिस्टरनें मैदान ओलांडून डावीकडे, आणि तेथें दि मारिया एकटाच धांवत आलेला. फ्रान्सनें नंतर बरोबरी साधली, तीन तीन गोल झाले आणि निकाल पेनल्टींवर गेला, ही हकीगत सर्वांस माहीत आहे. आमचें लक्ष त्या दुसऱ्या गोलावर खिळतें. मेस्सी त्या वेळीं गोलपासून किती दूर होता!

पुढच्या आंतरवर्गीय सामन्याच्या वेळीं वाद घालणाऱ्या मुलांनीं एक करून पाहावें. एका कागदावर मैदान आंखावें, आणि आपला आवडता फॉरवर्ड कोठें उभा आहे हें न लिहितां, त्याच्या हालचालीबरोबर प्रतिपक्षाचे दोन बॅक कोठें सरकतात तेवढेंच टिंबांनीं मांडावें. पहिल्या अर्ध्यांत तो मध्यभागीं, दुसऱ्यांत कडेला. मग टिंबांमध्यें मोकळी राहिलेली जागा मोजावी, आणि तींत आपल्या संघांतील कोणता मुलगा शिरत होता, कीं कोणीच नाहीं, हें पाहून कप्तानापाशीं बोलावें.