रक्तातला विळा : सिकलसेल समजून घेऊ या

“पोराच्या अंगात रक्त नाही, हातपाय दुखतात म्हणून सारखी शाळा बुडवतो,” ही तक्रार विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना नवी नाही. पोरगा आळशी असेलच असे नाही. त्याला सिकलसेल असू शकतो.

तांबड्या रक्तपेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. निरोगी पेशी गोल व मऊ असते. सर्वांत बारीक रक्तवाहिनी तिच्याहूनही अरुंद असते, तरी पेशी दुमडून पार होते. सिकलसेलमध्ये पेशीतले हिमोग्लोबिन वेगळे असते. प्राणवायू देऊन झाला की ते आत ताठ होते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. असे विळे वाहिनीत अडकले की पुढे रक्त पोहोचत नाही आणि असह्य कळा येतात. या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. मग आपण कावीळ उतरवायला धावतो!

अडथळा हाडांत आला तर हातपाय दुखतात, फुप्फुसात आला तर छातीत कळ येऊन धाप लागते. डाव्या बरगडीखालची प्लीहा रक्तातले जंतू गाळते. या मुलांत ती लहानपणीच निकामी होते. म्हणून अशा मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे मूल अंथरूण ओले करते. त्याला मारू नका, आणि पाणी तर मुळीच तोडू नका. पाणी कमी पडले, थंडी बाधली की कळा उठतात.

आता लग्नाचे. ‘एएस’ म्हणजे वाहक. तो रोगी नव्हे, त्याचे लग्न अडायचे कारण नाही. मात्र नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’, म्हणजे रोगी बाळ होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही.

सोय-धोय पाहताना दोन्हीकडचा रक्ताचा रिपोर्टही पाहावा. त्यात ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिले असेल तर माणूस वाहक की रोगी हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी मागून घ्यावी.