जेऊरहून पंच व्हायचं तर: मानधन, वर्गणी आणि गाडीभाडं

पावसाळी शालेय स्पर्धांची परिपत्रकं शाळांत यायला लागली, की करमाळा तालुक्यात एक चौकशी सुरू होते. कुणी बी.पी.एड. होऊन घरी बसलेला असतो, कुणी कॉलेजात कबड्डी गाजवून आता दुकान सांभाळत असतो, कुणी खो-खो खेळलेली मुलगी लग्नानंतर जेऊरला आलेली असते. पंच म्हणून नाव घातलं तर किती मिळतं, आणि आधी किती भरावं लागतं, एवढंच त्यांना विचारायचं असतं. सरळ उत्तर कुणी देत नाही. ‘या तर खरं, बघू नंतर’ यावर बोळवण होते. ‘बघू नंतर’वर मैदानात उतरू नका.

जेऊरहून पंचगिरीचा हिशेब मानधनावर ठरत नाही, तो प्रवासावर आणि मोडलेल्या दिवसावर ठरतो. म्हणून आधी स्पर्धा कुठे आणि किती दिवस होणार ते विचारा, पैशाचं मग. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींचे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या खेळांचे सामने तालुक्यात होतात. बास्केटबॉलचे संघच कमी, म्हणून बहुतेक जिल्ह्यांत त्याची सुरुवात थेट जिल्हास्तरावर होते. जेऊरच्या माणसाला याचा अर्थ असा, की कबड्डीची शिट्टी करमाळ्यात वाजवून संध्याकाळी घरी येता येतं. बास्केटबॉलची वाजवायची तर कुर्डुवाडीमार्गे सोलापूर, म्हणजे एका बाजूला शंभर किलोमीटरहून जास्त. जेऊरला स्टेशन आहे हे खरं, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. शेवटचा सामना लांबला तर परतीची गाडी चुकते आणि रात्रीची सोय स्वतःच्या खिशातून करावी लागते.

आता खर्च. पहिल्या वर्षी तो पुढेच करावा लागतो. परीक्षेची फी, नियमपुस्तक आणि संघटनेची वर्गणी हे तीन कागदी खर्च. प्रत्येक खेळाची राज्य संघटना आणि तिच्याखालची जिल्हा संघटना यांचे दर वेगवेगळे असतात. काही ठिकाणी वर्गणी दरवर्षी, काही ठिकाणी काही वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा फॉर्म भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: वर्गणी किती काळाची, तिच्यात टी-शर्ट आणि ओळखपत्र येतं का, उजळणी वर्गाला वेगळे पैसे पडतात का, आणि नूतनीकरण चुकलं तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि दोन हंगाम घरी बसलेल्याला तोच महागात पडतो. जे पैसे भराल त्याची पावती मागा. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून न मागितलेली पावती पुढे कामाला येत नाही.

वर्गणी कुणाच्या नावाने भरताय तेही बघा. आपल्याकडे खेळापेक्षा संघटनांची भांडणं जास्त रंगतात. २०१५ साली बास्केटबॉलच्या राष्ट्रीय महासंघाचेच दोन गट झाले होते. एकाचे अध्यक्ष के. गोविंदराज, दुसऱ्याच्या अध्यक्ष मुंबईच्या तेव्हाच्या खासदार पूनम महाजन. जागतिक महासंघाने, म्हणजे फिबाने, गोविंदराज गटाला मान्यता दिली. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघावर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला. दिल्लीतल्या भांडणाशी जेऊरच्या पंचाचं देणंघेणं नाही असं वाटतं. पण मान्यता गेलेल्या गटाचं प्रमाणपत्र घेऊन तुम्ही जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात गेलात तर तो नुसता कागद ठरतो, आणि भरलेली वर्गणी परत मिळत नाही. म्हणून उलटीकडून जा. आधी क्रीडा कार्यालयात विचारा की या खेळाचे पंच तुम्ही कोणत्या संघटनेकडून मागवता. ज्या संघटनेचं नाव येईल तिथेच पैसे भरा.

सामानाचे दर बाजारातले, अंदाजाने सांगतो. अंगातला शर्ट पाचशे, काळी पँट सातशे, न घसरणारे काळे बूट दीड हजार, स्टॉपवॉच तीनशे. शिट्टीवर मात्र काटकसर नको. जत्रेत मिळते तशी आत मणी असलेली शिट्टी थुंकीने, धुळीने अडकते, नेमकी शेवटच्या मिनिटाला. कॅनडाचे रॉन फॉक्सक्रॉफ्ट हे बास्केटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंच. १९८४ मध्ये ब्राझीलमध्ये सामना चालू असताना त्यांची शिट्टी वाजलीच नाही. त्यातून त्यांनी बिनमण्याची शिट्टी तयार करवून घेतली. १९८७ पासून ती बाजारात आहे, फॉक्स ४० नावाने. अस्सल शिट्टीला साधारण चारशे रुपये मोजायची तयारी ठेवा, शंभराच्या आत मिळते ती नक्कल. गळ्यातली दोरी धुता येईल अशी घ्या, ऑक्टोबरच्या उन्हात तिचा वास येतो.

सगळं मिळून सामानाचे ३४०० होतात. परीक्षा, पुस्तक आणि वर्गणी यांचे मिळून ६०० धरू, म्हणजे ४००० रुपये. हे आकडे हिशेब शिकण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या खेळाचा खरा दर मिळाला की त्याजागी तो टाका.

शालेय स्पर्धांत पंचाला पगार नसतो, मानधन असतं आणि ते काहीशे रुपयांच्या घरात असतं. ते दिवसाला आहे की सामन्याला, हा पहिला प्रश्न. तालुक्याच्या कबड्डीत पंच सकाळी नऊला मैदानात उतरतो आणि सामन्यांमागून सामने उरकतो. मुलींचे आणि लहान गटाचे सामने १५-५-१५ मिनिटांचे, मोठ्या मुलांचे २०-५-२०. एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. माणसं कमी पडली की पंचालाच पुढच्या सामन्यात गुणलेखकाच्या टेबलावर बसवतात. दिवसाचं मानधन असेल तर या जादा कामाचे वेगळे पैसे नाहीत. सामन्याला मानधन असेल तर गुणलेखनाचा दर किती ते आधीच विचारा, तो साधारणपणे कमी असतो. बास्केटबॉल अंगावर येतो तो वेगळ्या कारणाने. मैदान २८ बाय १५ मीटर, दहा-दहा मिनिटांचे चार डाव, आणि पंचाला चेंडूबरोबर दोन्ही टोकांना पळावं लागतं. चाळिशी ओलांडलेल्याने दिवसाला तीन सामने घेतले तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची किंमत कळते.

आता दोन दिवस शेजारी ठेवून बघू. करमाळ्यात कबड्डी: मानधन ३०० धरलं, एसटीचं जाणं-येणं आणि चहा मिळून ६० गेले, जेवण आयोजकांचं. हातात २४०. सोलापुरात बास्केटबॉल: मानधन ५०० धरलं, गाडी, रिक्षा, नाश्ता, जेवण मिळून २५० गेले. हातात २५०. म्हणजे मानधन दोनशेने जास्त आणि हातात दहा रुपये जास्त, त्यासाठी पहाटे घर सोडून रात्री परत. गुंतवलेले ४००० वसूल व्हायला कबड्डीत १७ दिवस लागतील आणि बास्केटबॉलमध्ये १६. एका हंगामात तालुक्यातली एका खेळाची स्पर्धा दोन-चार दिवसांत आटोपते. तेव्हा पहिल्या वर्षी पैसे सुटतील ही आशा सोडा. दुकान बंद ठेवून किंवा हजेरी बुडवून जाणाऱ्याने तर ती बुडालेली रक्कमही याच हिशेबात वजा करावी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जेऊरमध्ये राहणाऱ्याने आधी कबड्डी किंवा खो-खोची पंच परीक्षा द्यावी, जमल्यास दोन्ही, आणि बास्केटबॉलकडे आवड म्हणूनच वळावं. खो-खोला या जिल्ह्यात कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. बास्केटबॉलचा नाद असेलच तर शिडी लांब आहे: जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय महासंघाची परीक्षा. फिबाचा परवाना दोन वर्षांचा असतो आणि त्यासाठी धावण्याची चाचणीही पार करावी लागते.

प्रवासभत्ता मिळणार असेल तर तो कशावर ठरतो ते विचारा. काही ठिकाणी तिकीट जोडल्याशिवाय पैसे देत नाहीत, काही ठिकाणी ठोक रक्कम देतात. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं. ठोक रक्कम जुन्या भाड्यावर ठरलेली असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो. महिला पंचांचं गणित थोडं बरं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि मुलींच्या सामन्यांना महिला पंच शोधावे लागतात. जेऊर परिसरातल्या खेळलेल्या मुलींनी याचा विचार जरूर करावा.

नोकरीत असलेल्या शिक्षकाची गोष्ट वेगळी. त्याला कर्तव्यावर पाठवलं तर पगार चालू राहतो आणि मानधन वर मिळतं. पण मुख्याध्यापकांचं लेखी पत्र हातात हवं. तोंडी ‘जा’ म्हटलेलं हजेरीपटावर रजा म्हणूनही येऊ शकतं.

गावोगावच्या टुर्नामेंटची तऱ्हाच निराळी. गणपती, जयंती, यात्रा, कुणाचा वाढदिवस. फ्लेक्सवर पहिलं बक्षीस अमुक यांच्याकडून, दुसरं तमुक यांच्याकडून, चषक सरपंचांकडून. पंचाचं मानधन कुणाकडून, ही ओळ त्या फ्लेक्सवर नसते. नागराज मंजुळे मूळचे जेऊरचे, त्यांचा ‘सैराट’ क्रिकेटच्या अशाच सामन्याने सुरू होतो. कॉमेंट्री सगळ्यांना आठवते, अंपायरचा चेहरा आठवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अशा ठिकाणी बोली आधी करायची: दिवसाचे किती, रात्रीच्या उजेडातले सामने धरून किती, जेवण आणि सोडायला गाडी. निम्मे पैसे पहिल्या दिवशी मागून घ्या. अंतिम सामन्यानंतर पैसे देणारा माणूस मिरवणुकीत असतो, आणि हरलेल्या संघाचा राग पंचावर असतो. शाल-श्रीफळ आनंदाने घ्या, पण ते मानधनाच्या बदल्यात नाही हे आधी बोलून ठेवा.

बाहेर काय मिळतं हे माहीत असावं. क्रिकेटमध्ये बीसीसीआयच्या वरच्या श्रेणीतल्या अंपायरला देशांतर्गत सामन्याला दिवसाला ४०,००० रुपये, खालच्या श्रेणीला ३०,००० असे दर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉलच्या पंचाला सामन्याला पैसे मिळतात, आणि तोही राज्य संस्थेची नोंदणी, स्थानिक पंच संघटनेची वर्गणी, गणवेश असं सगळं स्वतः भरतो. तिथल्या हायस्कूल क्रीडा महासंघाने सांगितलं, की २०१८-१९ नंतर साधारण ५०,००० पंचांनी काम सोडलं. पालकांची शिवीगाळ हे त्याचं एक मोठं कारण. आपल्याकडे पालकांच्या जोडीला गुणांचं राजकारण असतं. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यांची वाट याच स्पर्धांतून जाते, त्यामुळे १७ वर्षांखालच्या गटातल्या एका निर्णयावरही माणसं हातघाईवर येतात. गुणपत्रक सामना संपताच दोन्ही कर्णधारांच्या सह्यांनिशी बंद करा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. आक्षेप लेखी आणि ठरलेल्या शुल्कासह आला तरच घ्या.

पैसे घेताना व्हाउचर पुढे येतं. त्यावर रक्कम, तारीख, स्पर्धेचं नाव लिहिलेलं असेल तरच सही. कोऱ्या व्हाउचरवर ‘सही करून ठेवा, आम्ही भरतो’ म्हणणारे भेटतात, आणि मग कागदावर पाचशे नि हातात तीनशे असं घडतं. रेव्हेन्यू स्टँप ५,००० रुपयांवरच्या पावतीलाच लागतो, त्याच्या नावाखाली पैसे थांबवू देऊ नका. रक्कम बँकेत जमा होणार असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि पॅन क्रमांक त्याच दिवशी द्या. ‘कागद मिळाला नाही’ या सबबीवर दिवाळी उलटते.

पॅन देण्याचं आणखी एक कारण आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००८ मध्येच पंच आणि रेफरींचं काम व्यावसायिक सेवांत धरलं आहे. एखाद्या संघटनेकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली, तर ती १० टक्के कर कापून पैसे देते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ती ३०,००० होती. पॅन नसेल तर कपात २० टक्के. तालुक्याच्या पंचाची मजल तिथवर जात नाही, पण राज्यस्तरावर आणि लीगमध्ये फिरणाऱ्यांची जाते. उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात. जीएसटीची धास्ती नको. मान्यताप्राप्त क्रीडा संस्थेने भरवलेल्या स्पर्धेत पंच म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट आहे.

मानधन रखडलं तर आधी संघटनेच्या पंच मंडळाच्या सचिवाकडे लेखी मागा. स्पर्धा शासकीय असेल तर अर्जाची प्रत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला द्या आणि पोच म्हणून शिक्का मारून घ्या. सोबत नियुक्तीचं पत्र जोडा. ते पत्र नसेल, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘उद्या या’ असा मेसेज असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून त्याची छापील प्रत लावा.